तिसाव्या खणाचा काठ

त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखा कॉम्प्युटर लावला. खेळाच्या चित्रावर उजवं बटण दाबून आतली ओळ उघडली आणि ओळीतला शेवटचा आकडा सुशीलाला दाखवला. तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "चार." मग मी लोखंडी स्टुलावर बसलो आणि ती खेळायला लागली.

तिचे पाय सुजले होते म्हणून ते पाटावर ठेवले होते. तासभर खेळली. शेवटच्या फाटकापर्यंत गेली आणि मेली, म्हणजे खेळात मेली. पडद्याच्या खाली त्या खेळातल्या गड्याचं तोंड असतं, मार बसेल तसं ते रक्ताळत जातं. ते तोंड आडवं झालं. सुशीला त्याच्याकडं बघत म्हणाली, "आजपतूर उजवीकडनं गेले. चुकलंच. उद्या डावीकडनं." मी कॉम्प्युटर बंद केला. भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. तिनं अर्धीच खाल्ली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं नेहमीचं असं शेवटचं काम ते.

सुशीला माझी बायको. रायापूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती चाळीस वर्षं ब्लाउज शिवत होती. आणि शेवटची नऊ-दहा वर्षं कॉम्प्युटरवर बंदूक घेऊन राक्षसं मारत होती. लोकांना यातलं पहिलंच खरं वाटायचं. रेखा, आमची मुलगी, बेळगावला असते. ती म्हणाली, अप्पा, आईचं लिहून काढा, नाहीतर पुढं कुणी विश्वास ठेवणार नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. गोकुळ रोडला कारखान्यात लेथवर जन्म गेला. मला जमेल तसं लिहितो.

कॉम्प्युटर रेखाच्या कॉलेजातला. तिचं लग्न झाल्यावर तो शिलाई मशीनशेजारी फडकं पांघरून पडून होता. तेवढ्यात बसू आला. बसूचं गोकुळ रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, चाळिशीचा गडी, बायकोचे ब्लाउज टाकायला यायचा. शेवटचा हुक लावून होईस्तोवर बसायचं म्हणून त्यानं फडकं काढलं, मशीन चालू केलं आणि त्याच्या शाळेच्या दिवसातला तो खेळ त्यात घातला. बंदूक घेऊन एका बोळातून पळायचं, राक्षसं मारायची, किल्ल्या शोधायच्या, दारं उघडायची. सुशीला हुक लावता लावता बघत होती. बसू दोनदा एकाच कोपऱ्यात मेला. तेव्हा ही म्हणाली, "तिथनं कशाला जातोस? तो बोळ बाहीसारखा आहे, पुढं निमुळता होतोय. मुंढ्याकडनं ये."

बसू मुंढ्याकडनं, म्हणजे बाहीच्या रुंद तोंडाकडनं, गेला आणि वाचला. त्यानं मागं वळून बघितलं आणि खुर्चीवरून उठला. ती त्या दिवशी बसली ती बसलीच.

खेळ जुना. पण बसूनं सांगितलं की जगभरातली माणसं अजून त्यासाठी नवीन नवीन जागा बांधतात, तीस-बत्तीस जागांचा एकेक गठ्ठा करतात आणि फुकट वाटतात. काही गठ्ठे इतके अवघड की तीस वर्षं खेळलेली माणसंच त्यात टिकतात. तो पेनड्राइव्हवर एकेक गठ्ठा आणून द्यायचा. सुशीला त्यातल्या एकेका जागेला खण म्हणायची. हा खण बेतला, हा शिवला, हा अजून कापायचाय. इंग्रजी अक्षरं तिला ओळखू यायची, वाचायला यायची नाहीत. तिचं काही अडलं नाही.

तिची खेळायची रीत बसूलाही झेपायची नाही. त्या खेळात म्हणे मध्येच थांबून आहे ते राखून ठेवता येतं, मेलात तर तिथूनच पुढं. सगळे तसंच करतात. ही करायची नाही. मेली की खणाच्या पहिल्या उंबऱ्यापासून. तेही रिकाम्या हातानं, म्हणजे मागच्या खणात मिळवलेल्या बंदुका सोडून, नुसतं पिस्तूल घेऊन. बसू म्हणाला, अक्का, एवढा त्रास कशाला? ती म्हणाली, "बिघडलं तर उसवायचं आणि परत शिवायचं. ठिगळ लावून गिऱ्हाइकाला द्यायचं न्हाई." शिवणकामातलं तिचं हे एकच तत्त्व होतं, ते तिनं तिकडं नेलं.

नकाशा काढायची. दुर्गदबैलच्या बाजारात अस्तर आणायला गेली की येताना खाकी कागदाची गुंडाळी आणायची, ब्लाउजच्या बेतासाठी. त्यातच खणांचे बेत. मार्किंगच्या खडूनं दारं, बोळ, किल्ल्या, आणि कुठं किती राक्षसं उभी आहेत त्याचे ठिपके. एकेक ठिपका मोजून. खण पुरा झाला की कागदाला चारी बाजूंनी लाल खडूनं काठ काढायची. काठ पडला की कागद गुंडाळून कपाटावर. कपाटावर जागा राहिली नाही तेव्हा पलंगाखाली. रेखा सुट्टीला आली की पलंगाखाली बघून म्हणायची, आई, तू इंजिनिअर व्हायला पाहिजे होतीस. ही म्हणायची, "मग तुझे फ्रॉक कुणी शिवले असते?"

एकदा बसू एक गठ्ठा घेऊन आला. त्यात एक चोरदार होतं, आणि ते शोधायला तो स्वतः कितीतरी वर्षं धडपडत होता. कुठंतरी आहे एवढं माहीत, कुठं ते नाही. "अक्का, इदु भाळ कष्ट ऐती," म्हणाला, म्हणजे हे लई अवघड आहे, नाही सापडलं तर वाईट वाटून घेऊ नका. सुशीलानं गड्याला भिंतीकडेनं चालवत नेलं. हळूहळू, कापड हाताखालून सरकवावं तसं. एका ठिकाणी थांबली. "इथं चौकडा जुळत न्हाई." आम्हाला दोघांना काही दिसेना. ती म्हणाली, चौकड्याचं कापड शिवताना बाजूच्या शिवणीला रेघ रेघेला लागायला पाहिजे, इथं अर्धं बोट खाली आहे, म्हणजे हे कापड नंतर जोडलंय. तिनं दार उघडायचं लांब बटण दाबलं आणि भिंत वर गेली. बसूनं चहाचा कप खाली ठेवला आणि उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. म्हणाली, ह्यांना रात्री झोप नाही, तुम्ही काय केलंत?

माझी वहिनी विहारात पहिल्या ओळीत बसणारी. ती एकदा आली आणि पडद्यावरचं रक्त बघून दारातच थांबली. म्हणाली, "सुशे, पंचशील घेतलंस न्हवं? प्राण्याला मारणार न्हाई म्हणालीस आणि ह्या वयात हे?" सुशीला खेळता खेळताच बोलली. "ते खोटे आहेत वहिनी. मेले की उद्या परत उभे राहतात. मी मेले की मीबी उभी राहते. खऱ्या माणसाला टोचून बोलायचं मात्र मी सोडलंय." वहिनी जरा बसली, चहा प्यायली, गेली. त्यानंतर आली की विचारायची, कितव्या खणात आहेस?

माझं काम स्टुलावर बसायचं. लेथनं माझे कान निम्मे गेलेत. दाराआड कोण हुंगतंय ते ती आवाजावरून ओळखायची, मला काही ऐकू यायचं नाही. मी नुसता सोबतीला. पण तिला मी तिथं लागायचो. नसलो तर खेळायची नाही, मशीनवर बसायची.

शेवटचा गठ्ठा बसूनं आणला तो सगळ्यात वाईट. तीस खण. तो म्हणाला, बांधणाऱ्यानं माणूस मरावा म्हणूनच बांधलंय. सुशीला त्या बांधणाऱ्याला टेलर म्हणायची. "वाईट आहे, पर प्रामाणिक आहे. बंद दार ठेवलं की किल्ली ठेवतोच. फसवत न्हाई." एकोणतीस खणांना काठ पडायला दोन वर्षं गेली. तिसाव्यात अडकली. मध्ये गोल चौक, चौकात एक कळ. कळ दाबली की चारी दारं एकदम उघडतात. उजवीकडनं नऊ, डावीकडनं सात, वरनं दोन उडते. अख्खा पावसाळा ती त्या चौकात मरत होती.

त्याच पावसाळ्यात तिचा श्वास लागायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, हृदय थकलंय, ऑपरेशन सोसणार नाही, गोळ्या घ्या आणि जपा. रेखाला बाजूला घेऊन काय सांगितलं ते रेखानं मला सांगितलं. वर्ष निघेल, नाही निघेल.

सुशीलाला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. एका संध्याकाळी मेल्यावर ती म्हणाली, "एवढा एक खण झाला की बास. मग कातर खाली ठेवली तरी चालंल." मी उठून बाहेर गेलो.

आता मी केलेलं लिहितो. लिहायचं म्हटलं तर हेही लिहायला पाहिजे.

मी बसूच्या दुकानात गेलो. म्हटलं, त्या खेळाला सोपं करता येतं का? तो म्हणाला, येतं, चित्राच्या आतल्या ओळीत शेवटी चार आहे, त्याचे दोन केले की राक्षसं कमी येतात. पण अक्काला कळंल, करू नका. मी म्हटलं, तुझी आई असती तर केलं नसतंस? त्यानं मग कुठं दाबायचं ते दाखवलं. आपल्या हातानं बदलायला नाही म्हणाला.

मी बदललं. ती आंघोळीला गेलेली असताना, ह्या बोटानं. जन्मभर लेथवर कातलेला तुकडा मापाच्या गेजमध्ये बसला नाही तर भंगारात टाकला. अर्धं सूत सुद्धा सोडलं नाही, मालक सोड म्हणाला तरी नाही. आणि इथं सोडलं.

त्या संध्याकाळी तिनं तिसावा खण पुरा केला. पडद्यावर अक्षरं आली. मी टाळी वाजवली. तिला आनंद झाला नाही. पडद्याकडं बघत म्हणाली, "डावीकडनं सात यायचे. आज तीनच आले."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तीनच असायचे. गोळ्यांनी तुला विसरायला होतंय. परवा गॅसवर भात विसरलीस की."

ती मग म्हणाली, "व्हय, भात विसरले." लाल खडू घेतला आणि काठ काढला. एरवी एका दमात सरळ जाणारी तिची रेघ त्या दिवशी दोन ठिकाणी हलली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शिवण बंद केलं. गल्लीतली एक बाई लेकीच्या लग्नाचे सहा खण देऊन गेली होती. सुशीलानं एकच माप तीन वेळा घेतलं, तीन वेळा कागदावर लिहिलं, आणि खण घडी घालून परत पाठवले. निरोप दिला, माझ्या मापाचा भरवसा नाही आता, दुसरीकडं द्या. चाळीस वर्षांत तिनं कुणाचं कापड परत पाठवलं नव्हतं. रेखाला फोन लावून नातवाचा वाढदिवस स्वतः सांगायची आणि बरोबर आहे का विचारायची. सकाळी अंथरुणातच ओठ हलवत शेजाऱ्यांची नावं ओळीनं म्हणायची. मी हे सगळं बघत होतो. पंधरा दिवस. रोज वाटायचं आज सांगू. रोज वाटायचं, आता सांगितलं तर काय होईल. असल्या माणसाला आमच्यात काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

सोळाव्या दिवशी दुपारी तिनं आपणच कॉम्प्युटर लावला. मी पेपर वाचत होतो. तिनं विसावा खण उघडला, वर्षापूर्वीच काठ पडलेला. त्याचा कागद जमिनीवर पसरला आणि खेळता खेळता एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली. मग एकविसावा. मग बाविसावा. तासाभरानं म्हणाली, "इकडं या. बसा."

मी स्टुलावर बसलो.

"ह्या खोलीत कागदावर ठिपके किती? मोजा."

मोजले. अकरा.

"पडद्यावर किती हायत?"

सहा होते.

"माझं डोकं जाईल," ती म्हणाली. "कागदाचं कसं जाईल? हे वर्षापूर्वी काढलंय, गोळ्या न्हवत्या तवा. कुणीतरी माप ढिलं केलंय. बसू करणार न्हाई. त्याला खेळ कळतो."

मी सगळं सांगितलं. खाली बघून सांगितलं. ती ओरडली नाही. रडली नाही. मला वाटलं होतं, तुझ्यासाठी केलं म्हटल्यावर निदान काहीतरी म्हणेल. कागदाची सुरळी केली. मग बोलली. तिचे शब्द मला आहेत तसे पाठ आहेत.

"खेळ ढिला केलासा, त्याचं काय न्हाई. मरणाऱ्या बाईची दया आली असंल. पर माझं डोकं गेलं म्हणालासा. पंधरा दिवस मी त्या भीतीत होते, आणि तुम्ही शेजारी जेवत होता."

तिनं तिसाव्या खणाचा कागद काढला, पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि काठ पुसला. नीट पुसला गेला नाही, कडेला तांबूस फराटा राहिला. संध्याकाळी त्या बाईला निरोप पाठवला, खण परत दे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही ब्लाउज एका बैठकीत कापले. माप एकदाच घेतलं. शिवून झाल्यावर बाई घालून बघायला आली तेव्हा एकही उसवायला लागला नाही. मी दारात उभा होतो. सुशीलानं माझ्याकडं बघितलं नाही.

मला ती जेवायला वाढायची, औषधाचं विचारायची, सगळं बोलायची. फक्त खेळायला बसली की स्टुलावर शिलाईच्या कापडांचा गठ्ठा असायचा. मी बाहेर कट्ट्यावर. बसू एकदा आला, स्टुलावरचा गठ्ठा बघितला, बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, सांगितलं होतं की नाही, अण्णा. म्हटलं, सांगितलं होतंस.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी आतून हाक आली. मी आत गेलो. स्टूल मोकळा होता. ती म्हणाली, "आकडा दाखवा."

मी ओळ उघडून दाखवली. बसूकडून तिनं तो केव्हाच परत चार करून घेतला होता. तिनं वाकून बघितलं. "चार," म्हणाली. "बसा."

त्या दिवसापासून तीच रीत पडली. रोज खेळायच्या आधी मी उघडून दाखवायचा, तिनं वाचायचा, मग मी बसायचं. एकही दिवस चुकला नाही. तिचा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून असं नाही. मी एकदा म्हटलं, आता बास की, मी परत हात लावणार नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. तुम्हाला दाखवता यावा म्हणून बघते." मला तेव्हा ते कळलं नाही. हळूहळू कळलं. रोज संध्याकाळी तो आकडा दाखवताना माझी मान जरा वर यायची.

थंडी सरेपर्यंत ती त्या चौकात जात राहिली. दम लागायचा, थांबायची, परत पहिल्या उंबऱ्यापासून. शेवटी शेवटी तिला एक युक्ती सुचली होती. त्या राक्षसांना एकमेकांची गोळी लागली की ते आपल्याला सोडून आपापसात भांडतात. आपण मधून पळायचं, त्यांची त्यांची लावून द्यायची. उजवीकडनं जाऊन ते साधत नव्हतं. म्हणून डावीकडनं. उद्या.

सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. रोज ती आधी उठायची. मी हाक मारली. खांद्याला हात लावला आणि हात परत घेतला. ती कुशीवर होती, भिंतीकडं तोंड करून, चष्मा उशाशी घडी घालून ठेवलेला.

मी काही वेळ पलंगाच्या कडेला बसलो. मग उठून बाहेरच्या खोलीत गेलो. तिसाव्या खणाचा कागद मशीनवर उघडाच होता. डावीकडच्या दाराशी तिनं रात्री झोपायच्या आधी एक बाण काढला होता, बारीक. शेजारी डब्यात लाल खडू. मी तो उचलला. हातात धरून उभा राहिलो. चार रेघा. कोण विचारणार होतं? आता लोक येणार, कागद गुंडाळले जाणार, काठ कधी पडला आणि कुणी काढला ते कुणाला कळणार नव्हतं.

मी खडू डब्यात टाकला आणि डब्याचं झाकण लावलं. कागद गुंडाळून कपाटावर ठेवला, तसाच.

मग कॉम्प्युटर लावला. चित्रावर उजवं बटण दाबलं, ओळ उघडली. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं, तिथून तिची पाठ दिसत होती. मी वाकून बघितलं आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "चार."

आणि रेखाला फोन लावला.